गोळीबरोबर दोन वाक्यंही द्या



कापसाची वेचणी सुरू झाली की केळापूर तालुक्यात कंबर, मान, गुडघे धरलेल्या बायांची औषधासाठी रीघ लागते. दिवसभर ओटी बांधून वाकायचं, मजुरी किलोवर; दुखतं म्हणून बसलं तर रोज बुडतो. मग दुखण्याची गोळी घ्यायची आणि पुन्हा शेत गाठायचं. परिचारिका म्हणून उभं आयुष्य काढल्यावर माझं मत असं झालं आहे, की हाडा-सांध्यांच्या औषधांनी होणारं बरंचसं नुकसान नीट न सांगितल्यामुळे होतं.

पोडावरची (कोलामांच्या वस्तीवरची) एक कोलाम बाई आमच्याकडे आली तेव्हा तोंडातल्या फोडांमुळे तिचं जेवण सुटलं होतं. संधिवातासाठी तिला मेथोट्रेक्सेट लिहून दिलेलं. आठवड्यातून एकदा घ्यायची ही गोळी ती रोज घेत होती. सोबतची फॉलिक अ‍ॅसिडची गोळीही तशीच बारकी, पिवळी. चिठ्ठीत सगळं बरोबर होतं, पण इंग्रजीत. मेथोट्रेक्सेट रोज पोटात गेलं तर रक्तपेशी तयार होणं मंदावतं, जिवावरही बेततं. डॉक्टरांनी ती गोळी तातडीने थांबवली म्हणून निभावलं. पुढे ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा मी एवढंच विचारलं, ‘माय, तुमच्या गावचा बाजार कोन्या दिवशी असते?’ बाजाराच्या दिवशी ही गोळी, इतर दिवशी हिला हात लावायचा नाही, असं ठरलं. ती पुन्हा चुकली नाही.

डायक्लोफेनॅक तर घरोघरी आहे. काळ्या चहावर, उपाशीपोटी घेतलं की जठराला व्रण पडू शकतो. उन्हात पाणी कमी पिणाऱ्याच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असलेल्याच्या मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून गोळी देण्याआधी विचारायला हवं: जेवली काय? बीपीची गोळी चालू आहे काय? शौचाला काळं होते काय? हाडं ठिसूळ झाल्यावर मिळणारं अलेंड्रोनेट सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायचं आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका पोळते. स्नायू सैल करणाऱ्या काही गोळ्यांनी गुंगी येते. ती घेऊन मोटारसायकल चालवू नये. स्टेरॉइड बरेच दिवस घेतल्यावर मनानेच एकदम बंद करू नये. बिननावाच्या पुडीने दोन दिवसांत सांधे मोकळे झाले, तर त्या पुडीत काय होतं याचा संशय घ्यावा.

आणखी एक प्रश्न आपल्या भागात विचारलाच पाहिजे: पाणी कोणत्या बोअरचं पिता? पांढरकवडा परिसरातल्या भूजलात फ्लोराइड असल्याचं संशोधन 2007 मध्येच प्रसिद्ध झालं आहे. पाण्यात फ्लोराइडची कमाल मर्यादा लिटरला 1.5 मिलिग्रॅम. वर्षानुवर्षं त्याहून जास्त पोटात जाऊन पाठ आखडलेल्या माणसाला वेदनाशामक देत राहणं म्हणजे नळ उघडा ठेवून पाणी उपसणं.

‘सिस्टरांना एवढा वेळ कुठे?’ असं कोणी म्हणेल, आणि ते खोटं नाही. लसीकरण, नोंदवह्या, ऑनलाइन माहिती यांतून उसंत मिळत नाही. पण किती गोळ्या वाटल्या याचा हिशेब ठेवणारी यंत्रणा किती जणांना समजावलं हे कधी विचारत नाही; जे मोजलं जात नाही, त्याला वेळही मिळत नाही.

म्हणून तीन मागण्या. आठवड्याच्या गोळीच्या पाकिटावर वार मराठीत, ठळक लिहावा आणि बाजाराच्या दिवसाशी जोडून सांगावा. आरोग्य मंदिरांत कोलामी-गोंडी जाणणाऱ्या आशाताईंना या औषधांपुरतं प्रशिक्षण द्यावं. आणि रुग्णाला समजावण्याची नोंद परिचारिकेच्या कामात धरावी. यासाठी नवी इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही. त्या कोलाम बाईच्या बाबतीत बाजाराचा वार विचारणं पुरलं होतं.

— एक निवृत्त परिचारिका,
पांढरकवडा, ता. केळापूर, जि. यवतमाळ