एकाच नंबरची पाच टोकनं

गेल्या दिवाळीत स्टायपेंडमधले अठराशे रुपये मी एका पितळी चकतीवर उडवले. ऑनलाइन जाहिरातीत लिहिलं होतं, 'ब्रिटिश खाणकामगाराचं अस्सल टोकन, शंभर वर्षं जुनं, दुर्मीळ'. मधोमध नंबर ठोकलेला, ४१७. मला ते आजोबांच्या टोकनाशेजारी ठेवायचं होतं. आजोबा चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत होते. रिटायर होताना त्यांनी आपलं टोकन मागून घेतलं, आणि आजीने ते आजवर डब्यात जपून ठेवलंय.

महिन्याभराने सहज पुन्हा शोधलं, तर त्याच खाणीची आणखी चार टोकनं विक्रीला होती. चारही ४१७! मी हसत हसत आजीला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "अगं, एका नंबरचे दोघं खाली गेले तर वर कोण आलं, ते कळेल कसं?"

सगळा मुद्दा या एका वाक्यात आहे. खाणीतलं टोकन म्हणजे कंपनीचं शोभेचं पदक नव्हे. आत जाताना कामगार ते द्यायचा, बाहेर येताना परत घ्यायचा. पद्धत खाणीगणिक थोडी वेगळी, पण हेतू एकच: या क्षणी जमिनीखाली नेमकं कोण आहे, हे वरच्यांना कळावं. ब्रिटनमध्ये तर १९१३ साली ही पद्धत कायद्यानेच सक्तीची झाली. स्फोट झाला, छत कोसळलं, की आधी टोकनं मोजली जायची.

मग ही टोकनं बाजारात आली कुठून? खाणी बंद पडल्या म्हणून. १९४७ मध्ये ब्रिटनने कोळसा खाणी सरकारी केल्या, तेव्हा त्या साडेनऊशेहून जास्त होत्या. १९८४-८५ चा तो प्रसिद्ध वर्षभराचा संप सुरू झाला तेव्हा उरल्या होत्या १७० च्या आसपास. आणि डिसेंबर २०१५ मध्ये यॉर्कशायरमधली केलिंग्ले ही शेवटची खोल खाण बंद झाली. प्रत्येक खाणीत शेकडो माणसं, त्यांची टोकनं, त्यांचे पितळी सुरक्षादिवे. खाण बंद झाली की हे सगळं घरोघरी गेलं, तिथून बाजारात. त्यात भर पडली 'स्मरणार्थ' काढलेल्या प्लेट्स, नव्या चकत्या आणि 'लिमिटेड एडिशन' दिव्यांची. आवक वाढली की भाव पडतो. आपल्याकडे कांद्याचं होतं तेच.

पण माझं म्हणणं असं, की भाव पडला याचं फार वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. अस्सल टोकन ढिगाने मिळत असलं तरी ते अस्सलच असतं. उलट एखाद्या खाणकामगाराच्या नातवाला आजोबांच्या खाणीचं टोकन खिशाला परवडत असेल, तर चांगलंच आहे की! नुकसान झालंच तर 'इन्व्हेस्टमेंट' म्हणून कपाटं भरणाऱ्यांचं होतं.

नकलांचं तसं नाही. अर्थशास्त्रवाल्या मित्रमैत्रिणींना जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० चा निबंध आठवत असेल, जुन्या गाड्यांच्या बाजारावरचा. चांगली गाडी कुठली आणि खटारा कुठला हे गिऱ्हाइकाला ओळखता येत नसेल, तर तो सगळ्यांनाच मधलाच भाव देतो. मग चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, नाही विकायची मला. बाजारात उरतात खटारे. टोकनांचं हेच होतं. खोट्या ४१७ मुळे कुठल्यातरी खऱ्या ४१७ कडेही लोक संशयाने बघतात. संपाच्या वेळी कामगारांच्या मदतीसाठी निधी गोळा करायला विकलेल्या बिल्ल्यांच्याही नकला निघाल्या. म्हणजे ज्यांनी वर्षभर पगाराविना काढलं, त्यांच्या नावावर भलताच कुणीतरी कमावतोय.

इथे आपलाही संबंध आहे. खाणकामगारांच्या दिव्यांच्या कितीतरी नव्या प्रतिकृती भारतात बनतात. त्यात गैर काही नाही. पितळेवर हात बसलेल्या कारागिराने सुंदर दिवा घडवला आणि 'प्रतिकृती' म्हणून विकला, तर तो मीही घेईन. खोटेपणा पितळेत नसतो, 'अँटिक' या शब्दात असतो. नवी वस्तू मुद्दाम काळवंडवून तो शब्द चिकटवणारा कारागिरालाही फसवतो आणि खाणकामगारालाही.

"शोभेला तर ठेवायचंय, खरं-खोटं काय करायचंय?" असं माझी रूममेट म्हणाली. शोभेला हवं असेल तर बिनधास्त घ्या, पण शोभेच्या भावात घ्या. 'अस्सल' म्हणून पैसे मोजणार असाल, तर आधी थोडा अभ्यास करा. तोच नंबर दुसरीकडे दिसतोय का? अक्षरं ठसठशीत आहेत, की साच्यातून ओतल्यासारखी बोथट? वर्षानुवर्षं खिशात वावरलेल्या चकतीच्या कडा झिजतात, तशा झिजल्यात का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही वस्तू कुणाच्या घरून आली, हे विक्रेत्याला विचारा. मी हे सगळं घेतल्यानंतर विचारलं. उत्तर आलं, "मॅडम, व्हिंटेज स्टाइल आहे."

माझं ४१७ आता पेपरवेट झालंय. आजोबांचं टोकन पुन्हा डब्यात गेलं. बाजारात त्याला एका चहा-पोह्याचे पैसेही येणार नाहीत बहुतेक. पण त्या नंबरचा माणूस एकच होता, आणि तो दर पाळीला वर आला, एवढं ते टोकन खरं सांगतं.