ग्राफिक्सचे काम आणि ग्राफिक्सचे कार्ड

सौंसरहून जामसांवलीच्या मंदिराकडे जाताना रस्त्याकडेचे फलक वाचत जाण्याची मला खोड आहे. हनुमान जयंतीच्या आधी तर फलकावर फलक चढतात. भाविकांचे स्वागत, भंडाऱ्याचे आमंत्रण, कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड. आपला मारुती निजलेला. आडव्या फ्लेक्सवर तो जसा ऐसपैस मावतो तसा उभा मारुती मावत नाही, हा आपल्याकडच्या डिझाइनवाल्यांचा एक फायदाच म्हणायचा! पूर्वी हे काम ब्रश घेऊन पेंटर करीत. आता बारावी-बीए झालेली आपलीच मुले कॉम्प्युटरवर करतात. त्यातच लग्नाचे अल्बम, पत्रिका, संत्र्याच्या पेट्यांवरची लेबले. कामाला तोटा नाही. प्रश्न येतो तो कॉम्प्युटर घेताना.

जामसांवलीचा माझा एक माजी विद्यार्थी तीन वर्षे दुसऱ्याच्या दुकानात हे काम करीत होता. स्वतःचे काम सुरू करायचे ठरले, तेव्हा नागपूरच्या एका दुकानातून तो कोटेशन घेऊन आला. ही २०२५च्या दिवाळीआधीची गोष्ट. बागेचा आंबिया व्यापाऱ्याला देऊन झाला होता आणि त्यातून वडिलांनी ८० हजार बाजूला काढले होते. कोटेशन होते १ लाख १२ हजारांचे. वडील सोबत आले होते. म्हणाले, "सर जी, पोट्टं म्हणते याच्याबिगर काम होतच नाही. तुमीच सांगा, याच्यात कोनतं सामान लागते आन् कोनतं नाई." मी अर्थशास्त्राचा मास्तर, कॉम्प्युटरचा नव्हे. पण कॉलेजच्या वार्षिकांकाची मांडणी बरीच वर्षे माझ्याकडे आहे आणि त्यापायी दोन यंत्रे सुटे भाग आणून जोडलेली आहेत. शिवाय मर्यादित पैसा कुठे घालावा, हा तर आमच्याच विषयाचा प्रश्न.

कोटेशन पाहिले. जवळजवळ निम्मी रक्कम एकट्या ग्राफिक्स कार्डावर होती. रॅम १६ जीबी, पॉवर सप्लाय कोणत्याही नावाचा, मॉनिटर सर्वांत स्वस्त आणि काचेच्या कॅबिनेटमध्ये सात रंगांचे दिवे. यूपीएसचा पत्ताच नाही. हे गेम खेळणाऱ्याचे यंत्र होते. दुकानदाराची लबाडी होती असे मी म्हणणार नाही. मुलाने "ग्राफिक्सचे काम" म्हटले आणि त्याने ग्राफिक्सचे कार्ड दिले. घोटाळा आहे तो नावात.

हे कार्ड मुळात हलत्या चित्रांसाठी. गेममधले त्रिमिती दृश्य सेकंदाला साठ-साठ वेळा नव्याने काढायचे, त्यासाठी हजारो लहान गणिते एकाच वेळी करायची, हा त्याचा धर्म. कोरलड्रॉमध्ये पत्रिका बसवताना तसे काही घडत नाही. तिथे बहुतेक गणिते मुख्य प्रोसेसरच एकामागून एक करतो. फोटोशॉपमध्ये कार्डाचा उपयोग काही ठराविक जागी होतो. बाकी सगळा भार प्रोसेसर, रॅम आणि डिस्कवर.

रॅमचे म्हणाल तर साधा हिशेब करून पाहा. २० फूट बाय १० फुटांचा फ्लेक्स घ्या. एवढा मोठा फलक लांबून पाहायचा असल्याने इंचाला ७२ ठिपके पुरतात. तरी आडवे १७,२८० आणि उभे ८,६४० ठिपके होतात. गुणाकार सुमारे १४ कोटी ९३ लाख. छपाईच्या चार रंगांचे प्रत्येक ठिपक्याला चार बाइट धरले, तर पूर्ण भरलेला एकच थर जवळपास ६०० एमबीचा होतो. आता मागे मंदिर, पुढे मारुती, वर ढग, खाली नेतेमंडळींचे फोटो, त्यावर अक्षरे. थरांच्या रिकाम्या जागा वजा केल्या तरी काही जीबी सहज जातात. "मागच्यासारखे कर" म्हटले की मागे जाता यावे म्हणून फोटोशॉप आधीच्या अवस्थाही धरून ठेवते. त्यात विंडोज आपला वाटा घेते आणि बाजूला ब्राउझर उघडा असतोच. १६ जीबी संपली की उरलेला माल डिस्कवर उतरतो आणि माऊसचा बाण गोल गोल फिरत बसतो. गिऱ्हाईक शेजारी खुर्चीवर बसून असते. त्या वेळी महागडे कार्ड शेजारी स्वस्थ बसून असते!

म्हणून आम्ही कार्ड काढले आणि रॅम ३२ जीबी केली.

मुलाचा चेहरा उतरला. त्याचीही बाजू आहे. त्याला पुढे ब्लेंडर शिकून त्रिमिती काम करायचे आहे. ब्लेंडर फुकट मिळते आणि तिथे कार्डाची खरी किंमत कळते. प्रोसेसर ज्या दृश्याला तास घेईल ते चांगले कार्ड काही मिनिटांत उरकते. लग्नाच्या व्हिडिओचे संकलन किंवा रात्रीच्या वरातीचे दाणेदार फोटो ॲडोबीच्या नव्या 'डीनॉइज'ने साफ करणे, यातही कार्ड हवेच. तेव्हा ज्याचे पोट आजच या कामावर आहे त्याने कार्ड जरूर घ्यावे, आणि घेताना नावापेक्षा त्याची स्वतःची मेमरी पाहावी. एनव्हिडियाचे २०२१चे आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीतही आले, तर २०२३चे ४०६० हे ८ जीबीचे. नवे कार्ड वेगवान आहे आणि वीजही कमी खाते; ब्लेंडरमधले मोठे दृश्य मात्र ८ जीबीत मावले नाही की तो वेग कामाचा राहत नाही. आमच्या मुलाकडे त्रिमितीचे काम अजून यायचे होते. न आलेल्या कामासाठी बागेचा पैसा गुंतवायचा नाही एवढेच ठरले. पॉवर सप्लाय मात्र पुढे कार्ड बसवता येईल असा घेतला.

(जुन्या कार्डांबाबत एक सूचना. २०२२च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि कार्डे जुंपून ते चलन काढणे थांबले. रात्रंदिवस राबलेली ती कार्डे पुसूनपासून बाजारात आली. अजूनही फिरतात. बिल आणि उरलेली वॉरंटी नसेल तर हात लावू नये.)

प्रोसेसर मधल्या वर्गातला, आय-फाइव्ह किंवा रायझन-फाइव्ह, या कामाला पुरेसा. एक अक्षर तेवढे पाहा. नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर त्यात पडद्यावर चित्र दाखवण्याची स्वतःची सोय नसते. थोडा स्वस्त म्हणून तो घेतात, आणि कार्ड दुरुस्तीला गेले की यंत्र आंधळे होते. आपल्याकडून नागपूरला कार्ड जायचे, यायचे, त्यात पंधरा दिवस मोडतात. ऐन लग्नसराईत ते परवडत नाही. डिस्कचे थोडक्यात सांगतो. चालू कामाला १ टीबीची वेगवान एनव्हीएमई आणि जुनी कामे ठेवायला साधी हार्ड डिस्क. वर्षाने पुन्हा तोच अल्बम मागणारे गिऱ्हाईक येतेच.

सगळ्यात वाद झाला तो मॉनिटरवर. वडील म्हणाले, "टीव्ही हाय नं घरी, थोच लावा." तिथे मी शेंदराचे उदाहरण दिले. मारुतीचा शेंदरी रंग पडद्यावर जसा झळकतो तसा फ्लेक्सवर कधीच येत नाही. पडद्यावर रंग प्रकाशाचा असतो, फ्लेक्सवर शाईचा. पिवळ्या आणि किरमिजी शाईचे ठिपके मिळून जो नारिंगी होतो त्याची झळाळी मुळातच कमी. हा फरक कोणताही मॉनिटर पुसू शकत नाही; चांगला मॉनिटर निदान खोटे बोलत नाही. स्वस्त टीएन पडद्यावर मान थोडी खाली केली तरी तोच शेंदूर विटकरी दिसतो. मग कोणत्या रंगावर विश्वास ठेवायचा? फलक छापून आला, मारुती तपकिरी दिसला, तर मंडळाची माणसे पैसे अडवतात, आणि छपाईचा खर्च डिझाइन करणाऱ्याच्या अंगावर पडतो. आयपीएस पडद्याचा, एसआरजीबी रंगांची पूर्ण व्याप्ती असलेला २४ इंचांचा मॉनिटर घेतला. त्याची चकाकी आल्या दिवशीच कमी केली, कारण दुकानात उठून दिसावा म्हणून तो भगभगीत ठेवलेला असतो. आणखी एक बिनपैशाचा उपाय केला. शेंदरी, भगवा, संत्र्याचा नारिंगी अशा बारा छटांची पट्टी, प्रत्येकीखाली तिचे शाईचे आकडे घालून, ज्या छापखान्यात फ्लेक्स जातो तिथेच छापून घेतली आणि मॉनिटरच्या शेजारी भिंतीवर लावली. रंग निवडायचा तो पट्टीवरून, पडद्यावरून नाही.

आता विजेचे. खेड्यातल्या कॉम्प्युटरला विषाणूपेक्षा विजेचे भय जास्त. कोटेशनमध्ये जो स्वस्त पॉवर सप्लाय होता, तोच सर्व भागांना रक्त पुरवणारा. दाब वरखाली झाला की असा सप्लाय स्वतः जातो आणि जाताना मदरबोर्डलाही घेऊन जातो. ८०-प्लसचे प्रमाणपत्र आणि पाच वर्षांची वॉरंटी असलेला घ्यावा, हजार-दोन हजार जास्त लागले तरी. यूपीएसच्या खोक्यावरचा आकडा व्हीएमध्ये असतो, वॅटमध्ये नाही. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. पुढे १७० वॅटचे कार्ड बसवले तर प्रोसेसर आणि मॉनिटर धरून तो जेमतेम पुरेल आणि एक-दोन मिनिटांत माघार घेईल. फाइल जतन करून यंत्र बंद करण्याइतका वेळ मिळावा म्हणून १००० व्हीएचा घेतला. त्याहीआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासले. घरात तीन पिनांचे सॉकेट होते, पण तिसऱ्या पिनेला तारच नव्हती! अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा घालून अर्थिंग केले. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत राहायचे, हे काम वडिलांनी आपणहून घेतले.

उन्हाळ्याचेही सांगितले पाहिजे. मे महिन्यात आपल्या खोल्या चाळिशीच्या पुढे तापतात. कॅबिनेटमधला पंखा तीच हवा आत घेतो. प्रोसेसर फार तापला की आपला वेग आपणच कमी करतो, आणि लोक समजतात कॉम्प्युटर जुना झाला. काचेच्या कॅबिनेटऐवजी पुढून जाळीचे घ्यावे, आत धूळ अडवणारी गाळणी असावी आणि पंधरवड्याला ती झटकावी. कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर मारू नये. दिव्यांचे पैसे वाचले ते इथे लागले.

आपल्या सीमेवरची एक अडचण दुकानदाराला कळत नाही. आपल्या मुलांना एकाच दिवसात हिंदी फलक आणि मराठी पत्रिका करावी लागते. जुन्या फाइली कुठे कृतिदेवात, कुठे श्रीलिपीत. युनिकोडमध्ये काम केले तर दोन्ही भाषा एकत्र नांदतात, पण फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत सेटिंग बदलल्याशिवाय वेलांटी चुकीच्या अक्षरापुढे जाऊन बसते. फुकटच्या इंकस्केपमध्ये देवनागरी नीट बसते. छापखान्याला फाइल देताना अक्षरांचे वक्र करून द्यावे, म्हणजे त्यांच्याकडे फॉन्ट असो-नसो, बिघडत नाही.

खरेदी नागपूरलाच झाली, सीताबर्डीवर. १ नोव्हेंबर १९५६ला नागपूर तिकडे गेले आणि आपण इकडे राहिलो, पण बाजार आपला तोच राहिला. यूपीएस धरून ७९ हजार आणि काहीशे झाले. वर्षअखेरीस रॅमचे भाव फार चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि आपल्या जामसांवलीच्या गिऱ्हाइकापर्यंत त्याची झळ आली. आता घेणाऱ्याने भाव त्याच दिवशी विचारावा, आणि ३२ जीबी झेपत नसेल तर १६ची एकच पट्टी घेऊन दुसरी जागा मोकळी ठेवावी. ज्याचा जीएसटी क्रमांक मध्य प्रदेशचा आहे त्याने बिल फाडण्यापूर्वीच तसे सांगावे. महाराष्ट्राचा राज्य-कर लागला तर त्याची वजावट इकडे मिळत नाही.

प्रत्येक भागाचा क्रमांक बिलावर लिहून घ्यावा, कारण वॉरंटी सुट्या भागांची वेगवेगळी असते. खोकीही फेकू नयेत. भाग दुरुस्तीला पाठवताना त्यांतूनच सुखरूप जातो. मुलाच्या आईने ती बंबात घालायला काढली होती. वडिलांनी परत आणून माळ्यावर ठेवली.