कंटेनरचा वेळ वाचेल, जखमीचा?

उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून निघालेल्या कंटेनरला पुण्याच्या वाटेला लागण्याआधी कळंबोली जंक्शन, पळस्पे फाटा आणि पनवेलची कोंडी पार करावी लागते. एवढ्यातच दोन ते तीन तास जातात, हे केंद्र सरकारनेच नोंदवलेले आहे. त्यावर उपाय म्हणून केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२५ मध्ये पागोटे ते चौक या २९.२१९ किलोमीटरच्या सहापदरी, प्रवेश-नियंत्रित महामार्गाला मंजुरी दिली. खर्च सुमारे साडेचार हजार कोटी रुपये. मार्ग डोंगरातून जाणार असल्याने त्यात दोन बोगदेही आहेत. बंदर आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग यांना तो थेट जोडेल.

चौक खालापूर तालुक्यात आहे. तिथूनच कर्जतकडे आणि पुढे भिवपुरी-नेरळकडे रस्ता जातो. म्हणजे बंदरातली अवजड वाहतूक या पट्ट्याच्या उंबरठ्यावर येऊन थांबणार. उद्योग, जमिनीचे भाव, रोजगार यांवर भरपूर बोलले गेले आहे आणि ते बोलायलाच हवे. या रस्त्यावर किंवा त्याच्या आजूबाजूला जखमी होणाऱ्या माणसाला पहिल्या तासात काय मिळेल, हा प्रश्न मात्र चर्चेत फारसा येत नाही.

पहिल्या तासाला एवढे महत्त्व का? प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. त्यातले पाऊण लिटर गेले तरी नाडी आणि रक्तदाब जवळपास नेहमीसारखेच राहू शकतात. दीड लिटरच्या आसपास रक्त गेल्यावर रक्तदाब कोसळू लागतो, आणि त्यानंतर घसरण वेगाने होते. मांडीचे हाड मोडले तर बाहेर एक थेंब न दिसता लिटरभर रक्त स्नायूंतच साठते. कमरेचे हाड, म्हणजे ओटीपोटाचा सांगाडा फुटला तर त्याहूनही जास्त. म्हणून रस्त्याकडेला बसलेला, पाणी मागणारा, नाव-गाव सांगणारा जखमी ‘ठीक आहे’ असे समजणे धोक्याचे असते. डोक्याला मार लागलेल्यांचेही असेच. काही जण शुद्धीवर येतात, बोलतात आणि तासा-दोन तासांत कवटीच्या आत साठलेल्या रक्ताने बेशुद्ध पडतात.

या तासात करण्यासारखे बरेच असते आणि ते फार महागही नसते. वाहत्या जखमेवर घट्ट दाब, मोडलेल्या पायाला आधार, श्वासमार्ग मोकळा ठेवणे, आणि ट्रानेक्सामिक अ‍ॅसिडचे इंजेक्शन. चाळीस देशांतल्या वीस हजारांवर रुग्णांवर झालेल्या अभ्यासाने दाखवले, की हे स्वस्त औषध तीन तासांच्या आत दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात. त्यातही पहिल्या तासात दिल्यास अधिक. तीन तासांनंतर दिल्यास फायदा नाहीच, उलट अपायाची शक्यता. एकच इंजेक्शन, पण घड्याळ पाहून द्यायचे.

आता घड्याळ या भागात लावून पाहू. चौकला ग्रामीण रुग्णालय आहे, कर्जतला उपजिल्हा रुग्णालय. जखम शिवणे, सलाइन, प्लास्टर इथे होऊ शकते. पण फुटलेली प्लीहा काढायला सर्जन, भूलतज्ज्ञ आणि जुळणारे रक्त हे तिन्ही एकाच वेळी हजर लागतात, आणि कवटीतल्या रक्तस्रावाला सीटी स्कॅन व मेंदूचा सर्जन. रात्री दोनला हे सगळे तालुक्याच्या ठिकाणी जमणे अवघड, म्हणून रुग्ण ‘रेफर’ होतो: पनवेल, नवी मुंबई, उल्हासनगर, नाहीतर थेट मुंबई. जिल्हा रुग्णालय अलिबागला, म्हणजे आणखी लांब. जवळचे रुग्णालय आणि योग्य रुग्णालय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींच्या मधल्या प्रवासात बरेच जीव जातात.

प्रवेश-नियंत्रित रस्त्याची स्वतःची एक अडचण आहे. त्यावर कुठूनही चढता येत नाही. अपघात हाकेच्या अंतरावर दिसत असला तरी रुग्णवाहिकेला पुढच्या इंटरचेंजपर्यंत जाऊन वळून यावे लागते. १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे विनायक मेटे यांच्या गाडीला द्रुतगती मार्गावर माडप बोगद्याजवळ अपघात झाला, तेव्हा मदत किती वेळात पोहोचली यावर राज्यभर चर्चा झाली. ज्यांचे नाव वर्तमानपत्रात येत नाही, त्यांच्याबाबत ती होत नाही, एवढेच.

द्रुतगती मार्गाने चांगला धडाही दिला आहे. २०१६ साली या ९४ किलोमीटरच्या मार्गावर १५१ मृत्यू झाले. त्यानंतर ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिस यांनी जागा हेरून कठडे लावले, थांबलेल्या वाहनांवर लक्ष ठेवले, वेगावर कॅमेरे आणले आणि आकडा शंभराच्या खाली उतरला. चालकाच्या बेदरकारपणावर सगळे खापर फोडून थांबले असते तर हे झाले नसते.

रसायनांचे टँकर हा वेगळा विषय. १३ जून २०२३ रोजी कुणे पुलाजवळ टँकर पेटला, जळते रसायन खालच्या रस्त्यावर सांडले आणि चार जण दगावले. मिथेनॉलसारख्या द्रव्याची ज्वाला भर दिवसा नीट दिसतही नाही. बंदराच्या रस्त्यावर, त्यातही बोगद्यांत, टँकरमध्ये काय आहे हे पहिल्या पाच मिनिटांत कळले नाही तर मदतीला धावणाराच पहिला रुग्ण ठरतो. आणि या भागात लोक धावतात. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे शिंग्रोबा मंदिराजवळ बस दरीत कोसळून १३ जणांचा मृत्यू झाला, त्या वेळी दरीत उतरले ते खोपोलीचे स्थानिक गिर्यारोहकच. अशांना प्रशिक्षण, दोर, स्ट्रेचर पुरवणे हा सरकारी खर्चातला सर्वांत स्वस्त खर्च असेल. कायदाही त्यांच्या बाजूचा आहे: २०१९ च्या दुरुस्तीनंतर मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगण्याची सक्ती नाही. मे २०२५ पासून जखमीला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचारांची तरतूद आहे. मात्र सूचीबद्ध रुग्णालय वाटेत हवे.

सगळ्यात मोठी काळजी मात्र महामार्गाची नाही, त्याला जोडणाऱ्या रस्त्यांची आहे. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी असते. कर्जत-चौक रस्त्यावर नसते. तिथे शाळेत पायी जाणारी मुले, पाळीवरून परतणारा मोटारसायकलस्वार, खडीचे डंपर आणि पावसाळ्यात भिवपुरीच्या धबधब्यांकडे निघालेल्या गाड्या एकाच डांबरावर असतात. त्यात चौकला उतरलेली अवजड वाहने मिसळली, तर तिथे होणारे अपघात नव्या महामार्गाच्या हिशेबात धरले जाणार नाहीत. ते कर्जतच्या रुग्णालयाच्या नोंदवहीत दिसतील.

दुभाजकात रुग्णवाहिकेसाठी उघडता येणारी फाटके, बोगद्यांच्या तोंडाशी तयार पथक, चौकच्या इंटरचेंजलगत ट्रॉमा केंद्रासाठी राखीव जागा आणि तिथे रक्तसाठा, हे आराखड्यात आज काही रेघांचे काम आहे. जागा एकदा गोदामांनी आणि ढाब्यांनी व्यापली, की त्याच केंद्रासाठी भूसंपादनाची फाइल हलवावी लागेल.