तार संपली तरी रोध उरतो

नववीला ओहमचा नियम शिकवताना आम्ही फळ्यावर नेहमीच्या दोन गोष्टी लिहितो. तार लांब तर रोध जास्त, तार जाड तर रोध कमी. यंदा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "टीचर, तार कापत कापत अगदी एवढीशी केली तर रोध शून्य होईल?" घंटा व्हायला आली होती. "होईल की," म्हणून आम्ही मोकळे झालो. घरी येऊन वाचले तेव्हा कळले, आमचे उत्तर चुकले होते.

हा प्रश्न ज्यांनी नीट धसास लावला ते रॉल्फ लँडाउअर. जन्म १९२७, जर्मनीतल्या श्टुटगार्टचा, ज्यू कुटुंबातला. १९३८ साली घरदार सोडून हे कुटुंब न्यूयॉर्कला आले. पुढे आयबीएममध्ये संशोधन करताना १९५७ साली त्यांनी एक वेगळाच विचार मांडला. रोध किती, हे तारेतल्या अडथळ्यांशी इलेक्ट्रॉनची लाट कशी वागते यावर ठरते. किती भाग पार गेला आणि किती मागे परतला, एवढे मोजा. लेख छापून आला तो कंपनीच्याच नियतकालिकात, आणि बरीच वर्षे त्याकडे फारसे कुणी पाहिले नाही.

मग १९८० नंतर वाद पेटला. समजा वाटेत एकही अडथळा नाही, सगळे इलेक्ट्रॉन पार. लँडाउअर यांच्या मूळ सूत्राप्रमाणे रोध शून्य. इतरांच्या सूत्राप्रमाणे मात्र काही रोध उरतोच. तो येतो कुठून? योसेफ इम्री आणि मार्कुस ब्यूटिकर यांनी उलगडा केला, तो आम्हाला लग्नाच्या हॉलवरून समजला. बोळ कितीही मोकळा असो, अंगणातली गर्दी दारातून एका वेळी थोडीच आत शिरते. अडचण बोळात नाही, दाराशी आहे. तसाच हा रोध, रुंद धातूचा जोड अरुंद वाटेला मिळतो तिथला. दोन्ही सूत्रे आपापल्या जागी बरोबर होती, फक्त मोजण्याची ठिकाणे वेगळी.

१९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये आणि केंब्रिजमध्ये दोन गटांनी हे प्रत्यक्ष मोजले. केसाच्या जाडीच्या कितीतरी पट अरुंद वाट, तापमान शून्याखाली सुमारे २७० अंश सेल्सियसहूनही कमी. वाट हळूहळू रुंद केली तर वाहकता सरळ चढावी असे आपल्याला वाटेल. ती चढली जिन्यासारखी, पायरी पायरीने. पहिल्या पायरीवर रोध सुमारे १२,९०० ओहम, दुसऱ्यावर त्याच्या निम्मा, तिसऱ्यावर एक तृतीयांश. अणूएवढे लहान नाही आणि तारेएवढे मोठेही नाही, अशा या मधल्या जगाच्या अभ्यासाला मेसोस्कोपिक भौतिकी म्हणतात.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेण्याआधीच आम्ही वर्गाला सांगितले, काल आम्ही चुकीचे बोललो. मुलगी जरा घाबरली, आपल्यामुळे टीचरना कमीपणा आला असे तिला वाटले असावे. जिन्याचे चित्र काढून दाखवल्यावर मात्र तिने लगेच विचारले, "मग अर्ध्या पायरीवर का नाही थांबत?"

त्या तासालाही घंटा झाली. यावेळी आम्ही "उद्या सांगतो" म्हणालो.