पोट न उघडता अ‍ॅन्युरिझमवर उपचार, पण धमनीची ‘मान’ आखूड असेल तर?

पोटातल्या महाधमनीची भिंत कमकुवत झाली की तिथे फुगा येतो. हाच अ‍ॅन्युरिझम. तो सहसा दुखत नाही, बहुतेकदा भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडतो. फुटला तर मात्र बहुतेक रुग्ण वाचत नाहीत. १९५५ मध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन यांचा मृत्यू झाला तो यामुळेच. पुरुषांमध्ये फुगा साधारण ५.५ सेंटिमीटरचा झाला की डॉक्टर ऑपरेशनबद्दल बोलू लागतात.

पूर्वी एकच उपाय होता: पोट उघडून कृत्रिम नळी शिवणं. १९९० मध्ये अर्जेंटिनात डॉ. हुआन परोदी यांनी जांघेतल्या धमनीतून स्टेंट ग्राफ्ट, म्हणजे कापड लावलेली जाळीदार नळी, आत सरकवली. रक्त त्या नळीतून वाहू लागतं आणि फुग्यावरचा दाब उतरतो. या उपचाराला ‘ईव्हीएआर’ म्हणतात. जखम छोटी, घरी लवकर जाता येतं. मग अडचण काय?

सगळा खेळ ‘माने’चा

ही नळी शिवलेली नसते. किडनीच्या धमन्या आणि फुगा यांच्यामध्ये निरोगी धमनीचा जो तुकडा उरतो, त्याला ती घट्ट धरून राहते. डॉक्टर या तुकड्याला मान म्हणतात. अनेक ग्राफ्टना किमान १० ते १५ मिलिमीटर लांबीची, फार न वाकलेली मान लागते. ती आखूड, रुंद किंवा वाकडी असेल तर रक्त कडेने झिरपतं, फुगा वाढत राहतो. रुग्णाला पत्ताही लागत नाही, कळतं ते स्कॅनमध्येच.

हा धोका कागदावरचा नाही. अमेरिकेत १९९९ ते २००८ दरम्यान हा उपचार घेतलेल्या १०,२२८ रुग्णांचे स्कॅन तपासले गेले. कंपन्यांच्या सूचनांचा सर्वात काटेकोर अर्थ लावला, तर त्यात बसणारे रुग्ण फक्त ४२ टक्के होते. पाच वर्षांत फुगा वाढण्याचं प्रमाण होतं ४१ टक्के. सोपं ऑपरेशन हाताशी आलं की ते न बसणाऱ्यांनाही बसवलं जातं, असंच हे आकडे सांगतात.

ब्रिटनमधला वाद

ब्रिटनच्या ‘ईव्हीएआर-१’ चाचणीत पहिल्या ३० दिवसांतले मृत्यू स्टेंट गटात १.७ टक्के, तर उघड्या शस्त्रक्रियेत ४.७ टक्के होते. पण १५ वर्षांच्या पाठपुराव्यात चित्र उलटलं. नंतरच्या वर्षांत स्टेंट गटात मृत्यू जास्त झाले, त्यात उपचारानंतर फुगा फुटण्याचा मोठा वाटा होता. २०१८ मध्ये तिथल्या ‘नाइस’ या संस्थेने न फुटलेल्या अ‍ॅन्युरिझमसाठी स्टेंट नकोच, असा मसुदा काढला. सर्जन मंडळींनी कडाडून विरोध केला आणि २०२० च्या अंतिम नियमावलीत भाषा मवाळ झाली.

आखूड मानेसाठी किडनीच्या धमन्यांपुरती छिद्रं ठेवलेले ग्राफ्टही असतात. बरेचदा ते रुग्णाच्या मापाने बनवावे लागतात, त्यात काही आठवडे जातात. दोन्ही उपचार शक्य असतील तर असा ग्राफ्ट बसवण्याआधी त्यातली अनिश्चितता रुग्णाला समजावून सांगा आणि त्याची राष्ट्रीय नोंद ठेवा, असं ‘नाइस’ बजावते.

भारतात अ‍ॅन्युरिझमसाठी राष्ट्रीय तपासणी मोहीम नाही. त्यामुळे घरात कुणाला स्टेंट सुचवला गेला तर दोन गोष्टी डॉक्टरांकडून आधीच विचारून घ्या: मान ग्राफ्टच्या मापात बसते का, आणि पुढे आयुष्यभर स्कॅन कुठे, किती खर्चात होणार.