नागराज मंजुळे : मातीतली कथा आणि यशाचा धडा

इस्लापूर : 'सैराट'मधील आर्ची आणि परश्या गाव सोडून हैदराबाद गाठतात. तेलंगणाच्या सीमेलगतच्या किनवट तालुक्यातील प्रेक्षकाला ही वाट अनोळखी नाही. दिग्दर्शक नागराज मंजुळे यांच्या कारकिर्दीचा विचार करताना हा आपलेपणाच मध्यवर्ती ठरतो.

करमाळा तालुक्यातील जेऊरच्या या दिग्दर्शकाने 'पिस्तुल्या' या लघुपटापासून सुरुवात केली व पदार्पणासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. 'फँड्री'ने २०१४ मध्ये जातिव्यवस्थेवर दगड भिरकावला. २०१६ मध्ये 'सैराट' बर्लिन महोत्सवात दाखवला गेला. पुढे १०० कोटींचा गल्ला ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला. सोमनाथ अवघडे, रिंकू राजगुरू हे कलावंत ग्रामीण भागातूनच पुढे आले.

या यशाचा अर्थ मात्र अनेकांनी सोयीने लावला. गाणी आणि प्रेमकथा उचलली गेली, जातीचा प्रश्न मागे पडला. २०१८ च्या हिंदी 'धडक'मध्ये कथा उदयपूरला गेली आणि तिची धार बोथट झाली. खुद्द मंजुळे यांचा अमिताभ बच्चन यांच्यासह आलेला 'झुंड' (२०२२) नावाजला गेला. परंतु 'सैराट'सारखी गर्दी त्याला लाभली नाही.

बोलीभाषा, अनोळखी चेहरे आणि अप्रिय सत्य यांवर पैसा लावण्याची तयारी निर्मात्यांनी दाखवली, तरच मराठवाड्याच्या कोपऱ्यातील पुढची कथा पडद्यावर येईल. एरवी 'सैराट' हा केवळ अपवाद म्हणून उरेल.