देहली आणि उंबरठा

बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्राची जी धास्ती वाटते ती बहुधा त्यातील गणितांची, आणि गणितांतही प्रकाशविद्युत परिणामावरील उदाहरणांची अंमळ अधिक. आमचा विषय मराठी. तथापि त्या विषयाच्या शिक्षकाची जागा रिकामी राहिली की मुख्याध्यापकास वर्गावर बसावे लागते, आणि मुलांबरोबर पुस्तकही उघडावे लागते. त्या बसण्यातून जे ध्यानी आले ते वाचकांपुढे ठेवतो. कारण किरनापूर-लांजीकडील कितीतरी मराठी घरांत 'आमच्या पोराला विज्ञान झेपत नाही' हा निकाल अशाच एखाद्या प्रकरणावरून दिला जातो. मुलीच्या बाबतीत तर तो फारच लवकर दिला जातो.

आमच्या मते अर्धी अडचण शब्दांची आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत भंडारा, नागपूर तिकडे गेले, बालाघाट इकडे राहिले. घरात मराठी, शाळेत हिंदी. पुस्तकात 'देहली आवृत्ति' असे छापलेले असते. मराठी कानाला आवृत्ती म्हणजे पुस्तकाची पहिली, दुसरी. येथे मात्र ती वारंवारता, म्हणजे दर सेकंदास होणारी कंपने. आणि देहली म्हणजे आपला उंबरठा. देहलीदीपन्याय आम्ही भाषेच्या तासाला वर्षानुवर्षे सांगत आलो. उंबरठ्यावरचा तो दिवा भौतिकशास्त्रातही भेटेल असे वाटले नव्हते.

एवढे उलगडले की पुढचे सोपे आहे. धातू हे घर, इलेक्ट्रॉन त्यातील रहिवासी. उंबरठा ओलांडून बाहेर पडण्यास ठरावीक ऊर्जा लागते. तिला कार्यफलन म्हणतात व ती धातूधातूंत निराळी असते. प्रकाश ही ऊर्जा सुट्ट्या पुड्यांनी देतो. एक पुडी म्हणजे एक फोटॉन, आणि एका इलेक्ट्रॉनला एकच पुडी. दोघांच्या पुड्या एकत्र करून एकाची वाट मोकळी करता येत नाही. हर्ट्झ यांना 1887 मध्ये या परिणामाची पहिली चाहूल लागली. लेनार्ड यांनी 1902 मध्ये दाखविले की प्रकाश प्रखर केल्याने इलेक्ट्रॉनची ऊर्जा वाढत नाही. त्याचा अर्थ 1905 मध्ये आइन्स्टाइन यांनी लावला. त्यांना 1921 चे नोबेल मिळाले ते यासाठी, सापेक्षतेसाठी नव्हे. मिलिकन यांचा या कल्पनेवर विश्वास नव्हता. त्यांनी अनेक वर्षे काटेकोर प्रयोग केले आणि 1916 मध्ये समीकरण खरे ठरल्याचे स्वतःच प्रसिद्ध केले. अशी माणसे आम्हांस फार आवडतात.

आता उदाहरण. सीझियमचे कार्यफलन 2.14 इलेक्ट्रॉन-व्होल्ट. 1240 या संख्येस नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागले की फोटॉनची ऊर्जा थेट इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये येते. जूल व इलेक्ट्रॉन-व्होल्ट यांची सरमिसळ करून मुले जे गुण घालवतात ते यामुळे वाचतात. 620 नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश घेतला तर ऊर्जा 2.0, उंबरठा ओलांडला जात नाही, दिवा कितीही मोठा लावा. 400 चा जांभळा घेतला तर 3.1, त्यातून 2.14 वजा जाता 0.96 उरते. ती इलेक्ट्रॉनची जास्तीत जास्त गतिज ऊर्जा, आणि त्याला थोपविण्यास 0.96 व्होल्ट लागतील. जांभळा प्रकाश दुप्पट प्रखर केला तर इलेक्ट्रॉन दुप्पट निघतील, प्रत्येकाची कमाल ऊर्जा तीच राहील.

पुस्तकात सीझियम असते; ते आमच्या मुलांनी कोठून पाहावे? तांबे मात्र घरचे, मलाजखंडची खाण आपल्याच जिल्ह्यातली. तांब्याचे कार्यफलन 4.65, म्हणजे 267 नॅनोमीटरहून आखूड किरण हवेत. वातावरणातील ओझोन सुमारे 290 च्या खालचे किरण अडवून धरतो. तेव्हा वैशाखात अंगणात पालथी घातलेली तांब्याची कळशी हात पोळेल इतकी तापली, तरी ते ऊन तिच्यातून एकही इलेक्ट्रॉन बाहेर काढीत नाही. पुड्या असंख्य, पण प्रत्येक पुडी अपुरी.

हे फळ्यावर चालले असता एक पालक दाराशी आले होते. "गुरुजी, पोरीला यंदा परीक्षेला बसवत नाही, तिला हे जमत नाही," असे त्यांचे म्हणणे. आम्ही त्यांना मागल्या बाकावर बसविले. तेवढ्यात त्यांच्याच मुलीने विचारले, "ॲल्युमिनियमच्या पातेल्याचे काय होईल, सर?" आम्ही तिच्या हाती खडू दिला. तिने 1240 ला 4.28 ने भागले. उत्तर आले 290 च्या किंचित खाली. म्हणजे ऊन जेथे संपते नेमके तेथेच. वर्गात बराच वाद झाला. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर नेहमीच चढलेला असतो, त्यामुळे पातेल्याचे गणित शुद्ध धातूइतके सरळ नाही, हे आम्ही सांगितले. तर थर खरवडून काढला तर काय, असा तिचा पुढचा प्रश्न तयार होता.

वडील तास संपेपर्यंत बसले होते. जाताना त्यांनी अर्जाची शेवटची तारीख विचारली.